रोमचा आलेख : उताराची बाजू

प्राचीन रोम शहराच्या लोकसंख्येचा आलेख काढतो आहे. त्यातली चढाची बाजू मागच्या लेखात दिली होती, आता उतार. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. आलेखपत्रं एकाला एक चिकटवून लांब पट्टी केली आहे. आडवा 1 सेंमी म्हणजे 10 वर्षं, उभा 1 सेंमी म्हणजे 50 हजार माणसं. चढ काढला तो रेशनवरून. फुकट गहू घेणाऱ्यांची यादी सीझरने 3,20,000 वरून 1,50,000 वर आणली. पुढे सम्राट ऑगस्टसने स्वतःच्या कारकिर्दीचा जो लेख लिहून ठेवला, त्यात इ.स.पू. 2 सालासाठी 2 लाखांहून थोडे जास्त लोक आहेत. यादीत फक्त नागरिक पुरुष. बायका, मुलं, गुलाम, बाहेरून आलेले धरले की 8 ते 10 लाख होतात. म्हणून शिखरावर रेघ नाही, पेन्सिलीने रंगवलेला जाड पट्टा आहे.

उताराच्या आधी एक वाद मिटवायचा होता. चौथ्या शतकातल्या, शहरातल्या इमारतींच्या यादीत रोममध्ये 46,602 इन्सुला (भाड्याच्या बहुमजली इमारती, असा नेहमीचा अर्थ) सांगितल्या आहेत. एवढ्या बहुमजली इमारती धरल्या तर लोकसंख्या भलतीच फुगते. सम्राट ऑरेलियनने शहराभोवती बांधलेल्या तटाआत साधारण 1,370 हेक्टर जागा. भागाकार केला की एका इन्सुलेला 300 चौरस मीटरसुद्धा येत नाहीत, आणि त्यातूनच रस्ते, स्नानगृहं, राजवाडे, बागा वजा करायच्या. मला हे पटत नाही. चाळीतल्या बिऱ्हाडासारखा इमारतीचा एखादा भाग मोजला असावा असं धरून मी पुढे गेलो.

आता उतार. बहुतेक आलेखांत 410 ला, गॉथ टोळ्यांचा राजा अलारिकने शहर लुटलं तिथे, कडा तुटल्यासारखी रेघ खाली येते. मी तिथे छोटीशी खाच ठेवली. माणसं पळाली, पण आफ्रिकेचा गहू येतच होता आणि गव्हामागे माणसं परतली. खरा मोड 439 चा : वांडल टोळ्यांनी आफ्रिकेतलं कार्थेज घेतलं आणि गव्हाचं ते कोठार रोमच्या हातून गेलं. त्यानंतरचा एक आकडा फार कामाचा आहे. 452 च्या कायद्यात शहरात वाटायच्या डुकराच्या मांसाचा हिशोब 36 लाख पौंडांच्या पुढे जातो. माणशी महिन्याला 5 पौंड, वर्षातले 5 महिने, म्हणजे घेणारे दीड लाखाला थोडे कमी. घरची माणसं धरून मी तिथे साडेतीन ते पाच लाखांचा पट्टा रंगवला. वैभव संपलं म्हणतात त्या काळासाठी हे बरंच आहे!

सहाव्या शतकात मात्र पट्टा कोसळतो. 537 मध्ये वेढा घालून बसलेल्या गॉथांनी जलवाहिन्या तोडल्या. नुसतं पिण्याचं पाणी गेलं नाही, जानिक्युलम टेकडीवरच्या पाणचक्क्याही थांबल्या. शहर राखणारा पूर्व रोमन सेनापती बेलिसारियस याने टायबर नदीत नावा बांधून त्यांच्यावर चक्क्या चालवल्या (हा माणूस मला सेनापतीपेक्षा कारागीर म्हणून जास्त आवडतो). 546 ला गॉथांचा राजा तोतिला आत शिरला तेव्हा सामान्यांपैकी 500 माणसं उरली होती, असं त्या काळचा इतिहासकार प्रोकोपियस लिहितो. ती जागा तुटक रेघेने दाखवली आहे. उपासमारीने बाहेर पडलेले सगळे मेले असं नाही, काही परत येतात.

पुढची हजार वर्षं काढायला काहीच लागत नाही. वीस-तीस हजारांवर पट्टा सरपटत राहतो. लोक नदीच्या वळणाशी, पाण्याजवळ गोळा झाले, टेकड्या ओस पडल्या, फोरममध्ये (जुन्या रोमच्या मुख्य चौकात) गुरं चरू लागली. 1527 च्या लुटीच्या थोडं आधी झालेल्या गणनेत सुमारे 55 हजार, म्हणजे माझ्या पट्टीवर जेमतेम 1.1 सेंमी. दहा लाख पुन्हा गाठायला विसावं शतक, 1930 चं दशक उजाडलं.

पुढचं काम : याच पट्टीवर लाल शाईने कॉन्स्टँटिनोपल (साम्राज्याची पूर्वेकडची नवी राजधानी, आजचं इस्तंबूल), 330 पासून. इजिप्तचा गहू तिकडे वळला, त्यामुळे दोन्ही रेघा कुठे छेदतात ते पाहायचं आहे. 541-542 च्या प्लेगसाठी तिथे किती उतार द्यावा, यावर कोणी काम केलं असेल तर जरूर कळवा. पट्टा रुंद असला तरी चालेल.