माझा अनुभव: सासऱ्यांचं एचएमटी, शेजारचा माग आणि पुढे पळणारं घड्याळ

घड्याळ पुढे पडतंय म्हटलं की समोरच्याचं उत्तर तयार असतं. "आत प्लस-मायनसचा काटा असतो, तो मायनसकडे सरकवा, झालं." सोलापूरच्या नव्या पेठेतल्या दुकानात हेच ऐकलं, पुण्याच्या हौशी दिरांकडून हेच, इंटरनेटवरही हेच. माझ्या घड्याळाचा तो काटा मायनसच्या टोकाला जाऊन टेकला होता, तरी सकाळी लावलेलं घड्याळ रात्रीच्या जेवणापर्यंत चांगलं तीन-चार मिनिटं पुढे. त्याच्या पुढे काय करायचं ते कुणी सांगेना. सांगितलं असतं तर माझा अख्खा उन्हाळा वाचला असता, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

घड्याळ सासऱ्यांचं. एचएमटी जनता, चावीचं, सतरा ज्वेलचं (चाकांच्या आसांना वगैरे टेकू देणारे बारीक खडे म्हणजे ज्वेल). एचएमटीने 1961 मध्ये बंगळुरूला जपानच्या सिटीझनच्या मदतीने घड्याळं काढायला सुरुवात केली, आणि 2016 मध्ये सरकारने ती घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा प्रश्नच मिटला. राहिले आपले घड्याळवाले. एका दुकानात काउंटरवरच्या गृहस्थांनी झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "मॅडम, आतलं मशीन काढून सेलचं बसवून देतो. डायल हाच ठेवू. वरून कुणाला कळणार पण नाही." मला कळणार होतं की! घड्याळ उचललं आणि घरी आले.

उघडणं, धुणं, तेल देणं, परत जोडणं, याचीच सगळे भीती घालतात. मला त्यात फारसं अवघड गेलं नाही. प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढायचा, स्क्रू ज्या भागाचे त्या भागाशेजारी बाटलीच्या झाकणात ठेवायचे, आणि पहिलं काम म्हणजे चावी पूर्ण उतरवायची. स्प्रिंग भरलेली असताना पॅलेट, म्हणजे ठोक्या-ठोक्याला चाकं अडवणारा-सोडणारा भाग, काढलं तर चाकं सुसाट सुटतात आणि दाते जातात. जुनी मेन स्प्रिंग मरगळली होती, ती नवी मागवून टाकली. त्रास झाला तो एवढाच की एप्रिलच्या सोलापुरात पंखा बंद करून बसायचं. पंखा लावला की पार्ट उडतात, बंद केला की घाम टपकतो, आणि खिडकी उघडली की धूळ. कपाळाला पंचा बांधून बसायचे. यजमान म्हणाले, "तू घड्याळ दुरुस्त करतेयस की भाकऱ्या थापतेयस?"

एक जागा मात्र जपायची. बॅलन्सच्या, म्हणजे पुढे-मागे झुलणाऱ्या चाकाच्या, वरच्या ज्वेलला धक्क्यापासून वाचवणारी एक चिमुकली स्प्रिंग असते. चिमटा जरा सटकला की ती टणकन उडते आणि मग फरशीवर गुडघे टेकून शोधत बसा. मी एक मोठी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घेतली, घड्याळ आत ठेवलं, दोन्ही हात आत घातले आणि तिथेच चिमटा चालवला. उडाली, पण पिशवीतच अडकली. याला खर्च शून्य.

तर घड्याळ सुरू झालं. डायल, काटे बसवले, घरात सगळ्यांना दाखवून झालं. आणि मग ते पळायला लागलं.

आधी थोडं गणित, कारण याशिवाय चिडचिड कळणार नाही. हे मशीन तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच. दिवसाचे 86,400 सेकंद. दिवसाला एक मिनिट चुकलं तरी ती चूक 1,440 भागांतला एक भाग. एवढा बारीक फरक तो प्लस-मायनसचा काटा सांभाळतो. त्याला दोन बारीक खुंट्या असतात, त्यांच्यामधून हेअरस्प्रिंगचं, म्हणजे बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचं, बाहेरचं टोक जातं. खुंट्या सरकवल्या की स्प्रिंगची कामाची लांबी कमी-जास्त होते. लांबी कमी झाली तर घड्याळ पळतं, वाढली तर रेंगाळतं. पण या काट्याचा आवाका काही मिनिटांपुरताच. घड्याळ त्याच्याबाहेर पळत असेल तर दोष दुसरीकडे असतो आणि काटा कितीही ढकलला तरी उपयोग नसतो. हे वाक्य मला कुणी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

मग नेमकं पळतंय किती? भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघायचं तर दिवस जातो, आणि काटा थोडा हलवला की परत एक दिवस. यासाठी टाइमग्राफर नावाचं यंत्र मिळतं. ते ठोके ऐकून अर्ध्या मिनिटात दिवसाचा हिशेब सांगतं. पण एका घड्याळासाठी एवढे पैसे घालायला मन होईना. मोबाईलवर तेच काम करणारी ॲप असतात, माईकजवळ घड्याळ धरलं की झालं. म्हणे.

आम्ही राहतो पूर्व भागात. आमच्या भिंतीला लागून शेजारच्या अण्णांचे पॉवरलूम. टॉवेल निघतात. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या खटखटीची इतकी सवय झालीय की माग थांबला तर मला जाग येते. पण मोबाईलच्या माईकला काय सवय! स्क्रीनवर दोन सरळ ओळी दिसायला हव्यात तिथे नुसता ठिपक्यांचा सडा. एकदा प्लस दोनशे, म्हणजे दिवसाला दोनशे सेकंद पुढे, लगेच मायनस नव्वद, मग काहीच नाही. घड्याळ कपाटात नेऊन बघितलं, उशांमध्ये दाबलं, गच्चीवरच्या खोलीत नेलं. आवाज हवेतून येतो हे खरंच, पण माग चालला की अख्खी इमारत थरथरते आणि टेबलातून ती थरथर घड्याळात उतरते. रात्री बघावं तर रात्रपाळी. शेवटी अण्णांना विचारलंच, "अण्णा, दहा मिनिटं माग बंद ठेवता का? घड्याळ लावायचंय."

ते हसले. "वहिनी, घड्याळ बघून माग बंद करतात. घड्याळासाठी कोण बंद करतंय?"

त्यांचंही बरोबर. धागा तुटला, वेळ गेला की नुकसान त्यांचं. मग मी वाट बघत बसायची. लाईट गेली की सगळे पंख्याविना कण्हायचे आणि मी घड्याळ घेऊन पळायची. महावितरणवर इतकी खूश मी आयुष्यात कधी नव्हते. पण लाईट यायच्या आत माप घ्यायचं, काटा हलवायचा, घड्याळ स्थिरावू द्यायचं आणि परत माप घ्यायचं, हे काही जमेना. दुसरं माप घेईपर्यंत खटखट सुरू. बरेच आठवडे असेच गेले. या काळात मी घरातल्यांशी कशी वागले ते घरातल्यांनाच विचारा.

सुटका झाली ती पीझोच्या चकतीने. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बझरची पितळी चकती मिळते, अगदी किरकोळ पैशांत. ती हवेतला आवाज जवळजवळ ऐकतच नाही. जे तिला टेकलंय त्याचीच थरथर ऐकते. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या मुलाकडून तिला वायर आणि इअरफोनची चार कप्प्यांची पिन लावून घेतली. तीन कप्प्यांची चालत नाही, तिला माईकचा कप्पा नसतो. घड्याळाची चावी चकतीला टेकवून रबरबँड लावला, खाली घडी घातलेल्या दोन सोलापुरी चादरी. टेबलाची थरथर चादरींनी खाल्ली. माग चालू, आणि स्क्रीनवर ओळी! ॲपमध्ये ठोके आपोआप ओळखायचा पर्याय असतो, तो बंद करून 18,000 हाताने घाला, नाहीतर ते काहीही ओळखतं.

पण त्या ओळी इतक्या तिरक्या की स्क्रीनच्या वरून बाहेर जाऊन खालून परत येत होत्या. ओळ चढती म्हणजे घड्याळ पुढे. आकडा दिवसाला सहा मिनिटांच्या वर, आणि काटा मायनसच्या टोकाला. आता निदान आकडा तरी हातात आला.

इथे मी काटा परत बरोबर मध्यावर आणून ठेवला. दोष शोधताना काटा मध्येच हवा. टोकाला ढकललेला असला की दुसरं काय बिघडलंय ते झाकलं जातं.

पहिला संशय चुंबकाचा. हेअरस्प्रिंग चुंबकली की तिचे वेढे एकमेकांना ओढतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि घड्याळ मिनिटा-मिनिटांनी पळतं. तपासायला साधं होकायंत्र पुरतं. घड्याळ शेजारून फिरवलं आणि सुई सोबत फिरली की समजायचं. सुई फिरली. सासऱ्यांचं घड्याळ कित्येक वर्षं रेडिओच्या स्पीकरला लागून फळीवर पडलेलं, त्यामुळे नवल नव्हतं. चुंबक काढायची निळी डबी मागवता येते, पण मला आमचे जुने टीव्हीवाले आठवले. पूर्वीच्या डबड्या टीव्हीवर चुंबकामुळे रंगाचे डाग पडले की ते एक मोठं कॉइल पडद्यासमोर फिरवायचे. ते कॉइल अजून त्यांच्या माळ्यावर होतं. करायचं असं: कॉइल चालू करायचं, घड्याळ जवळ न्यायचं, मग सावकाश हातभर लांब ओढायचं आणि लांब गेल्यावरच बटण बंद. जवळ असताना बंद केलं तर उलट जास्त चुंबकतं. आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

सहा मिनिटांवरून दीड मिनिटावर आलं. आनंद झाला, पण दीड मिनिट म्हणजे काही ठीक नव्हे, आणि तो आकडाही दर वेळी वेगळा.

यजमानांचं मत, "ऊन केवढं आहे, त्याचंच असणार." मे महिन्यात आमच्याकडे सगळ्याचं कारण ऊन असतं. पण पूर्वीच्या पोलादी स्प्रिंगला उष्णतेचा जो त्रास होता तो घालवणारे मिश्रधातू शार्ल एद्वार ग्योम या शास्त्रज्ञाने शोधले, त्याच्या अशा धातूंवरच्या कामाला 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मनगटी घड्याळांत सहसा तशाच स्प्रिंगा असतात. त्यात उन्हाने थोडा फरक पडेल, दीड मिनिटाचा नाही.

शेवटी सकाळच्या तिरप्या उजेडात डोळ्याला भिंग लावून हेअरस्प्रिंग नुसती बघत बसले. चांगल्या स्प्रिंगचे सगळे वेढे सारख्या अंतराने मोठे होतात, लहान होतात. इथे बाहेरचे दोन वेढे एका बाजूला चिकटून एकत्रच हलत होते, मध्येच सुटायचे, परत चिकटायचे. आकडा दर वेळी वेगळा का येत होता ते तिथेच कळलं. धातूवर रंगीत चमक होती, डबक्यावर रॉकेल सांडल्यावर दिसते तशी. धुवायला आणलेलं सुटं व्हाइट पेट्रोल! बाटलीवर लेबल नाही, काय मिसळलंय ठाऊक नाही. काचेवर एक थेंब वाळवून बघितला तर खाली तुपकट डाग राहिला. दुकानदार म्हणतो, आजवर कुणाची तक्रार नाही.

लायटरमध्ये भरायचं सीलबंद पेट्रोल आणलं. बॅलन्स त्यात बुडवला, हलकेच हलवला, टिपकागदावर टेकवून ब्लोअरच्या रबरी फुग्याने वाळवला. तोंडाने फुंकायचं नाही, वाफ लागते. चिकटलेले वेढे सुटले. घड्याळ प्लस वीसवर आलं, आणि काटा मध्यावर होता. मी एकटीच ओरडले.

मग कुठे तो प्रसिद्ध काटा उपयोगी पडला. टूथपिकच्या टोकाने, हलला की नाही असा संशय येईल इतकाच हलवायचा. स्क्रूड्रायव्हरने नको, सटकला तर हेअरस्प्रिंगमध्येच जातो. चावी पूर्ण भरून, थोडा वेळ जाऊ देऊन मगच माप घ्यायचं. स्प्रिंग उतरत आली की आकडे बदलतात.

टेबलावर पाठीवर ठेवलेलं घड्याळ आणि मनगटावरचं घड्याळ यांचं जमत नाही, हेही तेव्हा लक्षात आलं. उभ्या स्थितीत घर्षण वाढतं, बॅलन्सचा झोका कमी होतो, त्याच्या वजनातला उणाअधिकपणा उघडा पडतो. माझं आडवं ठेवलं की पुढे जातं, चावी खाली करून उभं ठेवलं की मागे पडतं. मी ते पूर्ण काढायच्या भानगडीत पडले नाही. दिवसभर पुढे गेलं असेल तर रात्री पेल्याला टेकवून उभं ठेवते, सकाळपर्यंत फिटतं. आता आठवड्याला मिनिटभराच्या आत राहतं. स्विस क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र दिवसाला उणे चार ते अधिक सहा सेकंदांत राहिलं तर मिळतं, म्हणजे जनतेने फार काही मान खाली घालायला नको.

हे खरं तर धुण्याच्या वेळी सांगायला हवं होतं: पॅलेट आणि बॅलन्स स्पिरिटमध्ये बुडवू नका. त्यांचे ज्वेल लाखेने चिकटवलेले असतात, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पॅलेटच्या आसाच्या दोन टोकांना तेलही द्यायचं नाही, चाकांना दिलं म्हणून हातासरशी त्यालाही देऊ नये. तेल घड्याळाचंच हवं, शिलाई मशीनचं देऊन वर्षभरात घट्ट झालेली घड्याळं मी आता दोन बघितली आहेत.

काचेवरचे चरे राहिलेत. ती काच ॲक्रिलिकची असते, ब्रासोने मऊ कापडावर घासली की बरीच साफ होते असा अनुभव पुष्कळांचा आहे, पुढच्या रविवारी बघते. आणि भांडी घासताना हातातून काढून ठेवा. या घड्याळाला पाणी अजिबात चालत नाही.