अफरवटची तयारी: बर्फ कमी, म्हणून धोका कमी?

काश्मीरमधल्या गुलमर्गच्या वरच्या अफरवट शिखरावर जायला अजून महिनाभर आहे. तोवर नागपुरात बसून जमेल तेवढं सुरू आहे. आपल्या गटात एक वाक्य सारखं ऐकू येतं: "यंदा बर्फ कमी आहे, हिमस्खलनाची भीती नाही." राजेहो, गणित उलटं आहे.

बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशावर असते. रात्री वरचा पृष्ठभाग उणे 15 वर गेला आणि बर्फ 50 सेंटिमीटरच असला, तर दर 10 सेंटिमीटरला 3 अंशांचा फरक पडतो. तोच बर्फ दोन मीटर असेल तर फरक 0.75 अंश. हा आकडा 1 च्या वर गेला की खालची वाफ वर सरकताना कणांना कोनदार करते आणि ते एकमेकांना धरत नाहीत. तळाशी डेप्थ होअर तयार होतं, जाड साखरेसारखं ओघळणारं. चिल्लई कलां, म्हणजे काश्मीरमधला सर्वांत कडक थंडीचा काळ, 21 डिसेंबरला लागतो. थोडा बर्फ आणि त्यावर निरभ्र, कोरड्या रात्री, असं झालं की हा थर बनतो. पुढची मोठी हिमवृष्टी त्याच्यावरच स्लॅब म्हणून, म्हणजे एकसंध थर होऊन, बसते. असा थर आठवडेच्या आठवडे टिकतो.

म्हणून सध्या वहीत गुलमर्गचं रात्रीचं तापमान, आकाश आणि ताजा बर्फ उतरवतोय. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर आहे, गोंडोला (रोपवे) मात्र चार हजारांच्या जवळ नेते. वर थंडी जास्त, हे धरूनच वाचायचं.

उताराचा सराव रामटेकला. आधी नजरेनं अंदाज, मग फोनवर कोन. नजर उतार जास्त तीव्र दाखवते. स्लॅब बहुतेक 30 ते 45 अंशांत सुटतात, त्यामुळे 28 आणि 33 मधला फरक कळायलाच हवा. ट्रान्सीव्हरचा, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला संकेतावरून शोधायच्या यंत्राचा, शोधसराव अंबाझरीला झाला. शोधताना मोबाइल त्यापासून अर्धा मीटर लांब ठेवा.

पिट, म्हणजे बर्फाचे थर तपासायचा खड्डा, अर्थात अफरवटलाच खणायचा. 30 बाय 90 सेंटिमीटरचा खांब, एका टोकावर फावडं आणि त्यावर मनगटातून, कोपरातून, खांद्यातून दहा-दहा थापा. भेग पूर्ण खांबात धावली की तो उतार सोडायचा, वाद नाही. नाही धावली, तरी परवानगी मिळाली असं मी धरणार नाही. दहा पावलांवर थर वेगळा असू शकतो. माझं मत आहे की पहिले दोन दिवस 30 अंशांखालीच राहू, आणि वर तीव्र उतार असेल तर त्याच्या पायथ्याशीही थांबायचं नाही.

कुणाकडे 240 सेंटिमीटरपेक्षा लांब प्रोब (बर्फात खुपसून गाडलेल्याला शोधायची काठी) असेल तर कळवा.