गुडघ्याला गुडघा लागतो तेव्हा

मुलगी साडेतीन वर्षांची असताना तिच्या चालण्याकडे पाहून मी दचकलो. तिचे गुडघे एकमेकांना घासत होते आणि घोटे मात्र दूर राहत होते. दोनच वर्षांपूर्वी याच पायांना धनुष्यासारखा बाक आहे म्हणून घरात काळजी चालली होती, त्यामुळे आता ते उलट्या दिशेने कसे झुकले, हे कोडे मला उलगडेना.

उत्तर वयात दडलेले होते. जन्मतः बाळाचे पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले असतात, दीड ते दोन वर्षांच्या सुमारास ते सरळ होतात, आणि तेथेच न थांबता आतल्या बाजूला झुकू लागतात. हा झुकाव साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी सर्वाधिक असतो आणि सात-आठ वर्षांपर्यंत प्रौढ माणसाच्या पायाइतका, म्हणजे किंचित आत, येऊन स्थिरावतो. फिनलंडमधील सॅलेनियस आणि व्हान्का यांनी 1975 साली अनेक मुलांच्या पायांचे कोन मोजून हाच क्रम दाखवला होता. म्हणजे मी ज्या वयात घाबरलो, ते नेमके शिखराचे वय होते.

डॉक्टरांनी तिला गुडघे जेमतेम टेकतील असे, गुडघ्यांच्या वाट्या समोर ठेवून उभे केले आणि दोन्ही घोट्यांच्या आतल्या हाडांमधील अंतर मोजले. ते आठ सेंटिमीटरच्या आत होते, दोन्ही पाय सारखे होते आणि उंचीही वयाला साजेशी होती, म्हणून एक्स-रेसुद्धा काढला नाही. विशेष बूट किंवा पट्टे यांबद्दल मी विचारले, तेव्हा या नैसर्गिक झुकावावर त्यांचा उपयोग होत नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. (बूट पाहून ठेवले होते, हे मी त्यांना सांगितले नाही.)

मात्र प्रत्येक झुकाव असा निरुपद्रवी नसतो. एकाच पायाचा गुडघा आत वळणे, सात-आठ वर्षांनंतर झुकाव वाढत जाणे, दुखणे, लंगडणे, उंची खुंटणे किंवा गुडघ्याखालच्या हाडाच्या फ्रॅक्चरनंतर पाय वळणे, यांपैकी काहीही दिसल्यास बालअस्थिरोगतज्ज्ञांकडे जायलाच हवे. ड जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या मुडदुसात वाढीच्या कूर्चेत (हाडाच्या टोकाजवळचा मऊ थर, जिथून हाड लांबीला वाढते) कॅल्शियम नीट बसत नाही आणि मऊ राहिलेले हाड शरीराच्या भाराने वाकते. तेथे रक्ततपासणी आणि औषधे लागतात. झुकाव मोठा असून वाढ शिल्लक असेल, तर गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या कूर्चेवर छोटी धातूची पट्टी बसवून त्या बाजूची वाढ तात्पुरती रोखतात, बाहेरची बाजू वाढत राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो. वाढ संपल्यावर हा मार्ग उरत नाही, मग हाड कापूनच सरळ करावे लागते.

आम्ही दर सहा महिन्यांनी अंतर मोजून वहीत तारखेसह लिहीत गेलो. सातव्या वाढदिवसानंतर घोटे जवळजवळ जुळले, आणि तेव्हापासून ती मोजू देत नाही.