अननस कापताना

दुपारी जेवणानंतर पुस्तक घेऊन पडावे असा बेत होता, पण स्वयंपाकघरात ठेवलेल्या अननसाचा वास तिथून इथवर पोचला आणि एकाच परिच्छेदावरून नजर पुन्हा पुन्हा फिरू लागली. घरात केळी असली तर माणूस निवांत राहू शकतो, कारण केळ्यांना वेळ हवाच असतो आणि तो आपणही देतो. अननसाला वेळ देण्यात अर्थ नसतो. झाडावरून उतरला की त्याच्या गोडीत भर पडणे तिथेच थांबते. साल पुढे पिवळी होत जाते, आतून तो मऊ पडतो आणि अखेर आंबून जातो, पण साखर जेवढी खोडाकडून मिळायची तेवढी त्याला मिळून चुकलेली असते. तेव्हा ‘अजून थोडा पिकू दे’ म्हणणाऱ्यांचे मी फारसे मनावर घेत नाही. पुस्तक पालथे घातले आणि सुरी काढली.

अननस कापण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे आहे, म्हणजे मी ते दुसऱ्या कोणाला करू देत नाही. तयार फोडींचा डबा मला चालत नाही, कारण त्यात अननस असतो पण अननसपण नसते. साल जाड काढून डोळ्यांचा निकाल एकाच फटक्यात लावणारी जी मंडळी आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. मात्र सालीला चिकटून केराच्या डब्याकडे निघालेला तो पिवळाधमक गर पाहिला की माझा चेहरा पडतो आणि तो लपवताही येत नाही. साल पातळच काढावी. मग उघड्या पडलेल्या अंगावर तपकिरी डोळ्यांच्या तिरप्या रांगा दिसू लागतात. त्या रांगांच्या दोन्ही बाजूंनी सुरी तिरकी घालून, अननस हातात फिरवत, चर पाडत वरून खाली उतरत जावे. शेवटी हातात जे उरते त्याला मळसूत्रासारखे आटे पडलेले असतात, आणि फोडी करण्यापूर्वी ते क्षणभर उजेडात धरून पाहिल्याखेरीज मला पुढचे काम सुचत नाही.

ही रीत आत्याची. सुट्टीत ती राहायला आली आणि कोणी अननस आणला, की जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, त्यावर परात ठेवून ती बसत असे आणि आम्ही पोरे भोवती कोंडाळे करत असू. एरवी अखंड बोलणारी आत्या तेवढा वेळ एक शब्द बोलत नसे आणि आम्हीही, कसे कोण जाणे, गप्प राहत असू. सुरीचा ओला आवाज आणि परातीत ठिबकणारा रस, एवढेच काय ते ऐकू येई. कोणाचा हात पुढे आलाच तर सुरी न थांबवता ‘डोळा घशात अडकला तर खोकत बसशील’ इतकेच ती म्हणे. कापून झाल्यावरही सुटका नसे, कारण फोडी मिठाच्या पाण्यातून काढल्याशिवाय ती कोणाला हात लावू देत नसे, आणि तेवढ्या अवधीत परातीतला रस कोणी प्यायचा यावरून आमची भांडणे लागत. मग हावरटासारखे खाऊन जीभ चरचरू लागली, की आम्ही आरशापुढे रांग लावून आपापली जीभ बाहेर काढत असू. ज्याची सर्वांत लाल, तो त्या दिवसापुरता सगळ्यांत शूर.

त्या चरचरण्याला आत्या अननसाचा राग म्हणत असे. या रागामागे ब्रोमेलिन असते, म्हणजे प्रथिने तोडणारी विकरे, हे शाळा संपता संपता वाचले. जिभेची नाजूक त्वचाही प्रथिनांचीच असल्यामुळे तिच्यावर काम सुरू करताना ही विकरे आपपरभाव करत नाहीत, आणि गरातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक टोचून त्यांना वाट मोकळी करून देतात. ताजा अननस घातलेली जिलेटिनची जेली रात्रभर थंडीत ठेवली तरी घट्ट होत नाही, आणि दुधात घालून ठेवला तर दूध कडू होते, ते याच कारणाने. इतका उघड विरोध करणारे फळ आपण आनंदाने खातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खातो. शिजवले की मात्र विकरे निकामी होतात, राग निवतो. म्हणूनच डबाबंद अननसाच्या चकत्या जेलीत गुण्यागोविंदाने नांदतात आणि कोणाचीही जीभ लाल करत नाहीत. मला त्या आवडत नाहीत याचे हे एक कारण असावे.

दुसरे कारण त्यांचा आकार. विसाव्या शतकाच्या आरंभी हवाई बेटांवर अननस डब्यांत भरण्याचा धंदा वाढू लागला, तेव्हा हाताने साल काढून तो उरकेना. १९११ मध्ये हेन्री गिनाका नावाच्या अभियंत्याला या कामासाठी यंत्र करायला सांगण्यात आले आणि त्याने असे यंत्र घडवले, जे अननसाची साल काढते, दोन्ही टोके छाटते, मधला दांडा उपसते आणि गुळगुळीत पोकळ नळकांडे पुढे सरकवते. सुधारत सुधारत ही यंत्रे मिनिटाला शंभराच्या आसपास अननस सोलू लागली. कौतुक वाटावे असेच हे काम आहे, आणि मला ते वाटतेही. पण त्या नळकांड्याच्या चकत्या झाल्या, त्या चकत्या जगभर गेल्या, आणि मधोमध भोक असलेले पिवळे कडे म्हणजेच अननस, असे ज्यांना मनापासून वाटते अशा पिढ्या तयार झाल्या. कड्याला डोळे नसतात, आणि अननसाची सगळी गोष्ट तर डोळ्यांत लिहिलेली असते.

एकेक डोळा म्हणजे एकेक फूल. झाडाच्या मधोमध कणीस वर येते, त्यावर शंभर-दोनशे जांभळी फुले खालून वर, रोज थोडी थोडी उमलतात, प्रत्येक फूल एखाद्या दिवसात आटोपते, आणि मग त्या सगळ्या फुलांची फळे, त्यांच्याखालची छोटी पाने आणि मधला दांडा एकमेकांत रुतून, मांसल होऊन एक होतात. आपण ज्याला एक फळ समजून तोलतो ती एक वस्तीच असते. त्यांच्या रांगा मोजल्या तर साधारणपणे एका दिशेने आठ भरतात, उलट दिशेने तेरा, आणि अगदी उभ्या चढाच्या मोजल्या तर एकवीस. आधीच्या दोन आकड्यांची बेरीज करत जाणारी ही गणितातली मालिका झाडाने कोठे शिकावी, असा प्रश्न पडतो. उत्तर असे देतात की प्रत्येक नवी कळी आधीच्या कळ्यांपासून जिथे जास्तीत जास्त मोकळी जागा असेल तिथे फुटते आणि रांगा आपोआप पडतात. उत्तर बरोबर आहे, पण सुरी हातात असताना मी मोजतोच.

एवढी फुले असूनही बाजारातल्या अननसात बी सापडत नाही. लागवडीतल्या जातींना आपल्याच जातीचा पराग चालत नाही आणि शेतात दुसरी जात नसते, त्यामुळे फळ बीजावाचूनच धरते. परागीभवन झाले तर मात्र गरात कडक बिया भरतात, आणि हमिंगबर्ड ते काम चोख करतो. म्हणून हवाई बेटांवर त्या पक्ष्याला आणायला कायद्याने बंदी आहे. इतक्या सुंदर पाखराला एका फळापायी दारातून परत पाठवायचे, हे मला फार दिवस पटले नव्हते. अजूनही पुरते पटलेले नाही.

या फळापायी माणसांनी याहूनही चमत्कारिक गोष्टी केल्या आहेत. नोव्हेंबर १४९३ मध्ये कोलंबसाच्या माणसांना ते ग्वादेलूप बेटावर दिसले, जरी त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत फार आत होते आणि तिथल्या लोकांनी ते कितीतरी आधीपासून लावत-वाटत दूरवर नेले होते. युरोपात ते थंडीने टिकेना, तेव्हा अठराव्या शतकातल्या इंग्रज धनिकांनी काचघरे बांधली, कातडी कमावून उरलेल्या सालींच्या आंबत्या खड्ड्यांत कुंड्या पुरून त्यांना ऊब दिली, आणि वर्षानुवर्षांच्या खटपटीनंतर जे एखादे फळ हाती येई ते खाण्याची हिंमत होत नसे. मेजवानीत मधोमध मांडायला अननस भाड्याने मिळत असे, आणि तो सडेपर्यंत या घरातून त्या घरात फिरत राही. स्कॉटलंडमध्ये डनमोर इथे एका उमरावाच्या बागेतल्या वास्तूवर चक्क दगडाचा भलाथोरला अननस बसवलेला आहे, तो आजही पाहता येतो. गंमत अशी की याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी जहांगीर बादशहाने लिहून ठेवले आहे की आग्र्याच्या बागेत दर वर्षी हजारो अननस येतात. पोर्तुगीजांनी आणलेल्या रोपांना तिथे फक्त ऊन पुरले होते.

ऊन आणि सबुरी, एवढ्यावर हे झाड जगते. त्याच्या पानांवरची रंध्रे दिवसा मिटलेली असतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड वायू ते आम्लाच्या रूपात पानांत साठवून ठेवते आणि सूर्य उगवला की दारे लावून त्याची साखर करत बसते. पाण्याची यात मोठी बचत होते, पण घाई मुळीच होत नाही. लावल्यापासून फळ यायला दीड-दोन वर्षे सहज लागतात, आणि वाट पाहणाऱ्याला वाटते की झाडाचा हेतूच बदलला. अझोर बेटांवरच्या काचघरांत एकोणिसाव्या शतकात लोकांच्या असे ध्यानात आले की आत धूर केला तर सगळी झाडे एकदम फुलोऱ्यावर येतात. धुरातल्या इथिलीन वायूचा तो परिणाम, हे पुढे उलगडले, आणि आता शेतकरी त्याच गुणाचे औषध फवारून संपूर्ण शेताला एकाच सुमारास फळ धरायला लावतात.

फूल येऊन गेल्यावर बहुतेक दांडे थांबतात. अननसाचा थांबत नाही. फुलांच्या वस्तीतून तो तसाच वर निघतो आणि माथ्यावर पुन्हा पाने काढू लागतो. आपण ज्याला तुरा म्हणतो ती ही पाने. ज्या खोडाला फळ आले त्याला पुन्हा फळ येत नाही, पण तुरा मातीत खोचला, किंवा बुडाशी आलेले फुटवे लावले, की झाड पुढे चालू राहते. म्हणजे बी नाही आणि तसा मृत्यूही नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस फ्रेंच गयानातल्या कायेनहून काही रोपे युरोपात गेली, तिथून कोठकोठे गेली, आणि डब्यांत भरला जाणारा अननस प्रामुख्याने त्याच ‘स्मूथ कायेन’ जातीचा राहिला. त्यांना वंशज म्हणणेही चुकीचे ठरेल, कारण मधे पिढी पडलीच नाही. एकच झाड, हातोहात, माणसांनी समुद्रांपलीकडे नेलेले. ते नेणाऱ्यांची आणि शेतांत टोकदार पानांमधून वाकून चालणाऱ्यांची नावे बहुतांशी कोठे लिहिलेली नाहीत.

फोडी करून झाल्या की मधला दांडा उरतो. सगळे तो टाकून देतात, मी टाकत नाही. बुडापासून तुऱ्यापर्यंत झाड ज्या वाटेने फळाच्या आरपार गेले तीच ही वाट, वगैरे समर्थन माझ्यापाशी तयार आहे, पण घरात त्याला सरळ चिकटपणा म्हणतात आणि म्हणोत बापडे. दांडा कडक असतो, गोडीला बेताचा असतो, आणि चघळताना कोणाला उत्तर देता येत नाही.