बोलायची तार

"ह्यातली बोलायची तार कुठली?"

काकू माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत. स्क्रीनवर काकांच्या मेंदूचं डीटीआयचं चित्र, म्हणजे एमआरआयवरून काढलेला मेंदूतल्या चेतातंतूंच्या वाटांचा नकाशा. लाल, हिरव्या, निळ्या रेघांचा गुंता. पक्षाघातानंतर काकांना समजतं सगळं, पण शब्द फुटत नाही.

मी डावीकडची कमान दाखवली, आर्क्युएट फॅसिक्युलस, बोलण्याशी जोडलेला तंतूंचा जुडगा. ती मध्येच विरळ होत थांबली होती. काकूंनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. "इथे तुटलीय होय?"

मला हो म्हणवेना.

कारण त्या रेघा म्हणजे मेंदूतल्या तारांचा फोटो नव्हे. एमआरआय मोजतो ती पाण्याच्या रेणूंची हालचाल. तंतूंच्या लांबीच्या दिशेनं पाणी सहज सरकतं, आडवं जाताना अडतं. त्यावरून दिशा काढायचं गणित पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली मांडलं. रंगही दिशेचेच: लाल डावी-उजवी, हिरवा पुढे-मागे, निळा वर-खाली. पण चित्राच्या साधारण दोन मिलिमीटरच्या एकेका ठोकळ्यात हजारो तंतू असतात. दोन वाटा तिथे एकमेकींना छेदत असतील तर गणित चुकतं, आणि रेघ थांबते. तंतू शाबूत असला तरी.

एवढं सगळं साध्या शब्दांत सांगितलं. काकूंनी बोट काढलं नाही.

"म्हणजे तार असेलही, आपल्याला दिसत नसेल."

असेलही. नसेलही. मी एवढंच म्हणाले की डॉक्टर चित्र आणि काका, दोन्ही बघून ठरवतील.

घरी आले तरी स्क्रीनवरचं ते बोट डोळ्यांसमोरून जात नाहीये. तुम्ही काय सांगितलं असतं त्यांना?