तुम्ही विचारलंत म्हणून : त्या तीन घोटांची गोष्ट

वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन मला आता सव्वादोन वर्षं झाली. किती किलो उतरलं हे लोक फारसं विचारत नाहीत, बघून स्वतःच अंदाज बांधतात. ज्यांची ऑपरेशनची तारीख ठरलेली असते, ते मात्र आजूबाजूला कुणी नाही बघून हळूच विचारतात, ‘ताई, कोल्ड्रिंक परत कधी चालतं हो? की कायमचंच बंद?’ मागच्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला. त्यांचं पोटाचं बायपास ठरलंय, तेही वजन कमी करायचंच. सगळं सोडेन म्हणाल्या, पण दुपारची ती एक कॅन सुटेल असं वाटत नाही. फोनवर मी तुटक-तुटक काहीतरी सांगितलं. नीट सांगायचं राहिलं, ते इथे लिहिते.

मी पीत नाही. एकदा प्यायले होते.

आधीची मी म्हणजे दिवसाला दोन कॅनवाली. साखर नसलेल्या, त्यामुळे मनाला फसवायला बरं. जेवणाबरोबर एक आणि संध्याकाळी कंटाळा आला की एक. माझं ऑपरेशन स्लीव्हचं. त्यात जठराचा पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी एक नळी उरते. तिच्यात सुरुवातीला शंभर-दीडशे मिलिलिटर मावलं तरी खूप. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला एक पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात, आणि ती पिशवी तर तीसेक मिलिलिटरचीच, म्हणजे मोठ्या दोन चमच्यांएवढी. घरी सोडताना हातात दिलेल्या कागदावर ‘गॅस असलेली पेये टाळावीत’ असं एक वाक्य होतं, जखमेच्या ड्रेसिंगच्या आणि पेनकिलरच्या सूचनांच्या मधोमध. का टाळावीत, ते नव्हतं. कुणीतरी ओझरतं म्हणालं, ‘पोट परत मोठं होतं.’ मी मान डोलावली आणि विसरले.

चार महिने नेकीने वागले. स्ट्रॉ नाही, जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही, दिवसभर छोट्या बाटलीतून घोट-घोट. मग एका विमानप्रवासात ट्रॉली आली. काय घेणार, असं विचारल्यावर तोंडातून पाण्याऐवजी जुनं नावच बाहेर पडलं. सवय, दुसरं काय! कॅन गार होती, वर घाम आलेला. कडी ओढल्यावरचा तो ‘स्सक’ आवाज ऐकून मला, खोटं कशाला सांगू, भरून आलं. तीन घोट घेतले. मोठे नव्हेत, पण जुन्या सवयीचे होते.

पहिलं मिनिट सुखाचं गेलं. मग छातीच्या मधल्या हाडामागे कुणीतरी मूठ धरून आतून दाबतंय असं सुरू झालं. ढेकर आली असती तर सुटले असते, पण ती वर येऊन गळ्याशीच अडकायची आणि परत खाली जायची. तोंडात फेसाळ लाळ जमायला लागली. ऑपरेशन झालेल्यांना ही लाळ ओळखीची असते, घास अडकला की येते तीच. कपाळावर घाम आला. पट्टे बांधून ठेवायचा दिवा लागलेला, शेजारचे गृहस्थ झोपलेले आणि मी खिडकीच्या सीटवर. वीस मिनिटांनी दिवा विझला, तशी त्यांना उठवून मागच्या बाजूला जाऊन उभी राहिले. उभं राहिल्यावर एक लांबलचक, लाज आणणारी ढेकर आली. पाठोपाठ दुसरी. एअर होस्टेसने न विचारता टिश्यू पुढे केला. तिचे उपकार मी विसरणार नाही.

खाली उतरल्यावर मी हिशेब मांडला, आणि मूठ कुठून आली ते कळलं. कोल्ड्रिंकमध्ये कार्बन डायऑक्साइड दाबाखाली कोंबून विरघळवलेला असतो. झाकण उघडलं की दाब सुटतो, पेय गरम झालं की आणखी सुटतो, आणि पोट तर सदतीस अंशांचं. पेयाच्या आकारमानाच्या तीन-साडेतीन पट वायू त्यात असतो, म्हणजे ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये लिटरभराहून जास्त. तीस मिलिलिटरचा एक घोट धरला तर त्यातला वायू शंभर मिलिलिटरच्या आसपास. माझी नळी किती, ते वर सांगितलंच आहे. घेतले तीन घोट! थोडा वायू कॅनमध्येच उडून जातो, थोडा तोंडात, पण उरलेला आत जाऊन जागा मागतो. त्यात विमान. केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावी तेवढीच दाबाची ठेवलेली असते, आणि त्या दाबाला वायू जमिनीवरच्यापेक्षा पाव ते एक तृतीयांश जास्त पसरतो. प्यायची ती प्यायले, आणि जागाही कसली निवडली!

आणखी एक गंमत. दुर्बिणीतून ऑपरेशन करताना पोटाच्या पोकळीत जो वायू भरून पोट फुगवतात, तोही कार्बन डायऑक्साइडच. तो पेट घेत नाही आणि रक्तात लवकर विरघळून श्वासावाटे निघून जातो, म्हणून तो वापरतात. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस खांदा ठणकतो तो बहुतेक त्याच्यामुळे. श्वासपटल चिडतं आणि दुखणं जाणवतं खांद्यात. मला तो खांदा चांगला आठवतो. नर्सला मी सांगत होते, ‘अहो, ऑपरेशन पोटाचं झालंय, खांद्याला काय केलंत?’

आता ‘पोट परत मोठं होतं’ या म्हणण्याबद्दल. तुम्हालाही कुणीतरी हेच सांगितलं असणार. मी माझ्या सर्जनना पुढच्या भेटीत सरळ विचारलं. त्यांचं म्हणणं मला पटलं: जठर म्हणजे तोंड बांधलेला फुगा नव्हे, त्याला वर आणि खाली दोन वाटा आहेत, वायू कुठून ना कुठून निघतोच. काळानुसार स्लीव्ह थोडी सैल होते, पण ती सोड्यानेच होते असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. मला हे कारण सांगण्याचा रागच येतो. खोटं म्हणून नव्हे, तर त्यामुळे खरी कारणं झाकली जातात म्हणून. माणूस एक दिवस चोरून एक कॅन पितो, पोट काही फुगत नाही, आणि मग त्याला वाटतं की सगळेच नियम असेच पोकळ असणार.

स्लीव्हवाल्यांसाठी खरं कारण म्हणजे जळजळ. नळी अरुंद, तिच्या खालच्या तोंडाला पायलोरसची झडप शाबूत, त्यामुळे आतला दाब मुळातच जास्त. वर अन्ननलिकेशी असलेला नैसर्गिक कोनही ऑपरेशनमध्ये बदलतो. मग वायू वर येताना आम्लाला सोबत घेऊन येतो. कोलाचा पीएच अडीचच्या आसपास, म्हणजे ते वर आंबटच. त्या विमानप्रवासानंतरचे दोन दिवस मला करपट ढेकरा येत होत्या. त्यावर मी काय करावं? घरात फसफसणारी अँटासिडची पुडी होती, ती पाण्यात घातली. पेल्यातून बुडबुडे वर यायला लागले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपण आगीतून फुफाट्यात निघालोय. तोच वायू, फक्त औषधाच्या वेषात. फसफसणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांचंही तेच. त्या घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, चघळायच्या किंवा गिळायच्या मिळतात.

बायपासवाल्यांसाठी मोठा धोका बुडबुड्यांपेक्षा साखरेचा. साखरेच्या कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये पस्तीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, चमच्यात मोजली तर सात-आठ चमचे. बायपासमध्ये पायलोरसची झडप वाटेतच राहत नाही, त्यामुळे हे गोड पाणी थेट आतड्यात कोसळतं. त्याला डंपिंग म्हणतात. प्यायल्यावर दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब. आणि काहींना एक ते तीन तासांनी उलटा झटका: इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं, रक्तातली साखर खाली जाते, हातपाय थरथरतात. माझ्याच वॉर्डात बायपास झालेली एक मैत्रीण आहे. तिला हे अर्ध्या पेल्यावर झालं. ‘मेले असं वाटलं ग,’ म्हणाली, आणि कानाला खडा लावला. ज्यांना डंपिंग होत नाही त्यांचं अवघड, कारण गोड पाणी त्या छोट्या पोटातून न अडता सरकतं, भूक भागवत नाही आणि वजनाला मात्र लागतं. बिअरचं विचारणारेही असतात. तिथे गॅस आहेच, शिवाय बायपासनंतर दारू रक्तात फार झपाट्याने चढते. एवढंच सांगते.

‘मग गॅस काढून टाकला तर?’ हा पुढचा प्रश्न. बाटली उघडी ठेवली, चमच्याने ढवळली, तर बुडबुडे बरेच जातात हे खरं. साखर, आंबटपणा आणि कॅफीन जागच्या जागी राहतात. मी वर्षभराने, डॉक्टरांना सांगून, साधा सोडा ढवळून-ढवळून त्यातला गॅस घालवला आणि दोन चमचे चाखला. काही झालं नाही. आवडलाही नाही.

का आवडला नाही, याचा मी जरा शोध घेतला. जिभेला जी चुणचुण होते ती बुडबुडे फुटल्याने होते असं मला वाटायचं. तसं नाही. जिभेवरचं एक एन्झाइम कार्बन डायऑक्साइडपासून आम्ल तयार करतं आणि ते आम्ल वेदनेच्या नसांना टोचतं. त्याच एन्झाइमला अडवणारी एक गोळी गिर्यारोहक उंचीच्या त्रासावर घेतात, आणि मग त्यांना कोल्ड्रिंक शिळं, बेचव लागतं. म्हणजे मला हवी होती ती तहान भागणं नव्हे, ती किंचित टोचणी. हे कळल्यावर बदली शोधणं सोपं झालं. अगदी बर्फगार पाणी, त्यात लिंबाचे चार थेंब, तेही पहिल्या महिन्यांनंतर आणि जळजळ नसेल तेव्हाच. सुरुवातीला बर्फगार पाणीसुद्धा काहींच्या पोटात कळ आणतं.

‘किती दिवस?’ याला एक आकडा नाही. कुणाचे डॉक्टर तीन महिने म्हणतात, कुणाचे सहा, कुणाचे जन्मभर. तुमच्या डॉक्टरांनी जो दिलाय तो धरा, माझा नको. पहिले काही आठवडे मात्र कुणाचाही सल्ला वेगळा नसतो, तेव्हा टाक्यांची शिवण भरत असते. आणि चुकून प्यायलातच, तर वरून पाणी ओतू नका, आडवे होऊ नका, उभे राहा, हळूहळू चाला. दुखणं थांबेना, ताप आला, नाडी जोरात पळायला लागली, तर ते गॅसचं आहे असं स्वतःला समजावत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

आमच्याकडे हे अजून पितात. आधी माझ्यासमोर कॅन उघडायला बिचकायचे, बाल्कनीत जाऊन उघडायचे. मीच म्हटलं, ‘अहो, इथेच उघडा, मला तो आवाज ऐकायचाय.’ आता रविवारी दुपारी ते स्वयंपाकघरात कॅन उघडतात, मी माझी पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसते, आणि त्यांना ढेकर आली की मला थोडा हेवा वाटतो.