आधी कॉपी, मग दुरुस्ती: आमच्या दुकानाची वाटचाल

आमच्या काउंटरवर पहिल्या दिवसापासून एक लांबट रजिस्टर असतं. तारीख, गिऱ्हाईकाचं नाव, मशीनसोबत काय काय दिलं आणि शेवटच्या रकान्यात तक्रार. अशी नऊ रजिस्टरं आज कपाटात आहेत आणि त्या शेवटच्या रकान्यात सगळ्यांत जास्त वेळा एकच वाक्य आहे: ‘कॉम्प्युटर चालू होत नाही.’ खरं तर मशीन चालू होतं. पंखा फिरतो, लाइट लागतो, कंपनीचं चिन्हही येतं. पुढं मात्र काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ. पूर्वी ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ यायचं, नंतर ‘बूटएमजीआर इज मिसिंग’, हल्ली ‘नो बूटेबल डिव्हाइस’. म्हणजे विंडोज सुरू करणारी फाइल किंवा डिस्कच मशीनला सापडत नाही. आमचा धंदा त्या एका ओळीवर उभा राहिला.

२००४ च्या दसऱ्याला सांगलीत विश्रामबागेत दहा बाय बाराचा गाळा घेतला. मी आणि धाकटा भाऊ. माझं आयटीआय झालेलं, पुण्यात दोन वर्षं एका दुकानात काम केलेलं. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन पार्ट आणायचे, मशीन असेंबल करायचं, विंडोज टाकून घरी पोचवायचं. बंद पडलेलं मशीन आलं की रॅम काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे आणि परत बसवायची. बरीच मशीन तेवढ्यावर उठायची. नाही उठलं तर फॉरमॅट मारून नवीन विंडोज, ३०० रुपये. तेव्हा मशीनमध्ये दोन-चार पत्रं, गाणी आणि गेम असायचे. फॉरमॅटनं कुणाचं फार काही जात नव्हतं.

चार वर्षांत ते बदललं. डिजिटल कॅमेरे आले, गणपती पेठेतल्या पेढ्यांचे हिशेब टॅलीवर गेले, छापखान्यांनी लग्नपत्रिकांचे मजकूर श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरात भरून ठेवले. आतला डेटा मशीनपेक्षा महाग झाला. मला ते कळलं २००८ च्या मे महिन्यात, आणि फार वाईट रीतीनं कळलं.

एका फोटोग्राफरचं मशीन आलं होतं. ३२० जीबीची डिस्क, तिच्यात त्या सीझनच्या चौदा लग्नांचे फोटो. विंडोज निम्म्यापर्यंत यायचं आणि रीस्टार्ट व्हायचं. मी डिस्क काढून दुकानातल्या मशीनला जोडली. फोल्डर दिसत होते, पण एकेक उघडायला मिनिट-दीड मिनिट लागत होतं. त्याच घडीला मिळतील तेवढे फोटो उतरवून घ्यायला हवे होते. मी तसं केलं नाही. विंडोजमधलं डिस्क तपासायचं चेकडिस्क लावलं, बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या वाचता न येणाऱ्या जागा, दुरुस्त कर म्हणून सांगितलं आणि शटर ओढून घरी गेलो. सकाळी शटर वर करतानाच आवाज आला. टक्… टक्… टक्… आणि मग मोटर थांबल्याची शांतता. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये, डिस्कचं नावसुद्धा येत नव्हतं.

डिस्कच्या आत डेटा वाचणारं हेड फिरत्या तबकडीवरून, म्हणजे प्लॅटरवरून, काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी अंतरावर. ते हेड आजारी होतं, म्हणूनच फोल्डर उघडायला वेळ लागत होता. अशा हेडला मी रात्रभर डिस्कचा कानाकोपरा वाचायला लावला. चेकडिस्क हे फाइल सिस्टिमची घडी नीट बसवण्याचं साधन आहे. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते चालवलं तर एक तर डिस्क संपते, नाही तर चांगल्या फाइलींचे तुकडे होऊन ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घेणं माझं काम होतं.

त्या फोटोग्राफरबरोबर मी कवठेमहांकाळला त्यातल्या एका लग्नाच्या घरी गेलो. मुलीच्या आईनं चहा दिला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “सप्तपदीचा एकसुद्धा नाही का हो?” परत येताना एसटीत आम्ही दोघं काही बोललो नाही. त्या फोटोग्राफरनी आमच्याकडं येणं थांबवलं नाही. का थांबवलं नाही, ते मी त्यांना आजवर विचारलेलं नाही.

त्या महिन्यापासून रजिस्टरात एक रकाना वाढला: ‘बॅकअप आहे का?’ आणि दुकानात नियम झाला: आधी कॉपी, मग दुरुस्ती. दुरुस्तीसुद्धा कॉपीवरच, मूळ डिस्कवर नाही.

नियम करणं सोपं होतं, कॉपी कशी करायची हा प्रश्न होता. खराब डिस्कवरून विंडोजमध्ये कॉपी-पेस्ट केलं की पहिल्या बॅड सेक्टरपाशी मशीन अडकून बसतं. वालचंद कॉलेजात शिकणारा एक मुलगा सुट्टीत आमच्याकडं कामाला यायचा. त्यानं लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमची, सीडी आणली आणि डीडीरेस्क्यू दाखवलं. फुकट मिळणारा, काळ्या पडद्यावर चालणारा प्रोग्रॅम. पण त्याची कामाची पद्धत शहाण्या माणसाची आहे. अडचणीची जागा आली की तो तिथं हटून बसत नाही, ती सोडून पुढं जातो. निरोगी भाग आधी पदरात पाडून घेतो आणि मग राहिलेल्या जागांकडं परत येतो. कुठवर आलो याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवत जातो. तेव्हा भारनियमनाचे दिवस होते, लाइट केव्हा जाईल याचा भरवसा नसायचा. यूपीएस संपला तरी त्या फाइलीमुळं पुढचं काम सोडल्या जागेपासून सुरू करता यायचं.

आता मशीन आलं की पहिली दहा मिनिटं आम्ही विंडोजला हात लावत नाही. ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ फिरत असलेलं मशीन घेऊन कुणी आलं तर आधी ते बंद करतो, कारण आतमध्ये डिस्कवर काय चाललंय ते आपल्या हातात नसतं. मग बायोसमध्ये जाऊन बघायचं की डिस्कचं नाव येतंय का. नाही आलं तर केबल बदलायची. हे लिहायलाही साधं वाटतं, पण एका दवाखान्याचं मशीन ‘डिस्क गेली’ असं सांगून दुसरीकडून परत पाठवलं होतं, त्यात साटा केबलचं टोक सैल झालेलं होतं. डॉक्टरांच्या सगळ्या पेशंटच्या नोंदी जागच्या जागी होत्या. आम्ही केबलचेच पैसे घेतले.

दुसरं बघायचं ते घड्याळ. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्यांचं मशीन दिवाळीच्या सुट्टीनंतर निळा पडदा दाखवायला लागलं. बायोसमध्ये तारीख कित्येक वर्षं मागं गेलेली. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, त्यामुळं बायोसच्या सेटिंग पुसल्या गेल्या आणि डिस्कशी बोलायचा मोड एएचसीआय होता तो आयडीई झाला. विंडोजला स्वतःचीच डिस्क ओळखेना. नवीन सेल टाकला, मोड परत लावला, मशीन उठलं. तिथं कुणी फॉरमॅट मारला असता तर त्या अडत्यांचं वर्षभराचं सौद्यांचं खातं गेलं असतं.

आणि तिसरं म्हणजे कान. स्क्रू ड्रायव्हरचं टोक डिस्कच्या झाकणावर हलकेच टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. निरोगी डिस्क एका सुरात फिरते. टक् टक् करणारी डिस्क म्हणजे हेडला खुणेचा ट्रॅक सापडत नाही, म्हणून हेड धरणारा दांडा पुन्हा पुन्हा कडेला जाऊन परत येतो. नुसतीच बारीक गुणगुण आली तर मोटर फिरायला बघतेय पण फिरत नाही, बहुतेक हेड प्लॅटरला चिकटलंय. असे आवाज आले की लगेच वीज काढायची. कितीही घाई असली तरी ‘अजून एकदा लावून बघू’ नाही. आवाज चांगला असेल तरच स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कनं स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, उघडायचा आणि त्यात ‘करंट पेंडिंग सेक्टर’चा, म्हणजे नीट वाचता न आलेल्या जागांचा, आकडा बघायचा. तिथं शून्य नसेल तर कॉपी त्याच दिवशी लावायची.

२०११ च्या शेवटी थायलंडमध्ये महापूर आला, तिथले डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि इथं आमच्याकडं डिस्कचे भाव दुपटीच्या वर गेले. कॉपी करायला नवी डिस्क घ्या म्हटलं की लोक कचरायचे. तेव्हा दुकानाच्या दोन डिस्क आम्ही भाड्यानं द्यायला सुरुवात केली. ती सोय अजून आहे.

मग ऑगस्ट २०१९ चा पूर. कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. मारुती चौक, गावभाग, गणपती पेठ, सगळं पाण्यात. आमचा गाळा वाचला. पाणी ओसरल्यावर लोक गाळानं माखलेले सीपीयू पोत्यांत घालून आणायला लागले. त्या पंधरवड्यात ४३ डिस्क आल्या. बऱ्याच जणांनी त्या गच्चीवर उन्हात वाळवल्या होत्या, एकानं हेअर ड्रायर लावला होता. सगळं मायेनं केलेलं, आणि नेमकं तेच नको होतं. डिस्कच्या झाकणावर एक बारीक भोक असतं, शेजारी ‘हे झाकू नका’ असं छापलेलं. आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहावा म्हणून ते असतं. पुरात पाणी तिथूनच आत जातं. डिस्क वाळली की पाणी उडून जातं, पण गाळ प्लॅटरवर बसतो, आणि मग वीज दिली की हेड त्या गाळावरून घासत जातं. म्हणून आम्ही दाराबाहेर पाटी लावली: भिजलेली डिस्क वाळवू नका, सुरू करू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तशीच आणा.

त्यातल्या १२ डिस्कना पाणी फक्त खालच्या सर्किट बोर्डापर्यंत लागलं होतं. ते बोर्ड साफ केले, डेटा मिळाला. बाकीच्या पुण्याच्या लॅबला पाठवल्या, कारण डिस्क उघडायला क्लीन रूम, म्हणजे धूळ नसलेली खोली, लागते आणि ती आमच्याकडं नाही. दुकानात डिस्क उघडणार नाही, हे आम्ही गिऱ्हाईकाला पहिल्यांदाच सांगतो. लॅबचा खर्च ऐकून काही जणांनी डिस्क परत नेल्या. त्यांना आग्रह करवला नाही.

हल्ली निम्म्याहून जास्त मशीन एसएसडीची, म्हणजे आत काहीच न फिरणाऱ्या डिस्कची, असतात. ती आवाज करत नाही, बऱ्याचदा आधी सुचवतही नाही. काल होती, आज बायोसमध्ये नाही. नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा डिस्क मुळातच कुलूपबंद असते. मदरबोर्ड बदलला की ४८ अंकी रिकव्हरी की मागते आणि ती की मायक्रोसॉफ्टच्या ज्या खात्यात ठेवलेली असते, त्याचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. म्हणून लॅपटॉप विकतानाच ती की कागदावर लिहून आम्ही बिलाला टाचतो.

आता आम्ही दुकानात चौघं आहोत. आत्ता हे लिहितोय तेव्हा शेजारच्या टेबलावर तासगावच्या एका द्राक्ष बागायतदारांची एक टीबीची डिस्क आहे, वरून छोटा पंखा लावलेला. निर्यातीच्या मालाच्या फवारणीच्या नोंदी तिच्यात आहेत. परवा दुपारी कॉपी लावली, ९६ टक्के पहिल्या सहा तासांतच आले. बाकीचे चार थेंबाथेंबानं येताहेत. त्यांचा आज तिसऱ्यांदा फोन आला. त्यांना म्हटलं, “दादा, आज येऊ नका. रात्रभर चालू दे.” भाऊ दुकानातच झोपणार आहे.